रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह, तरी जे१०.१ का नाही? फ्लूच्या कोडिंगबद्दल जरा सविस्तर

आधी प्रश्न मांडतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. विचारणारे नवे कोडर आहेत, अमेरिकी हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाचे चार्ट करतात, म्हणजे पेशंटच्या नोंदी वाचून निदानाला कोड देतात. चार्ट असा: मध्यमवयीन बाई, दोन दिवस ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. नर्सच्या नोंदीत रॅपिड टेस्टचा निकाल, ‘इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह, बी निगेटिव्ह’. डॉक्टरांच्या फायनल इम्प्रेशनमध्ये मात्र एवढंच: ‘इन्फ्लुएन्झा-लाइक इलनेस’. खाली टॅमीफ्लू लिहून दिलं आणि घरी पाठवलं. ह्यांनी जे१०.१ (ओळखलेल्या विषाणूचा फ्लू) दिला. ऑडिटरने एरर मारून जे११.१ (विषाणू न ओळखलेला फ्लू) करायला सांगितलं. टीएल (टीम लीडर) म्हणाला, दोन्ही चूक, आउटपेशंटला (भरती न झालेल्या पेशंटला) फक्त लक्षणं कोड करायची. आता ह्यांचा सवाल असा, की रिपोर्टमध्ये व्हायरस ओळखलेला दिसतोय, तरी अनआयडेंटिफाइडचा कोड कसा द्यायचा, आणि रिबटल (एररविरुद्ध लेखी हरकत) टाकायचं का?

जे१०.१ साठी रिबटल टाकू नका, ते टिकणार नाही. तुमच्या ऑडिटरने सांगितलेला कोड बरोबर आहे, पण त्याने कारण लिहिलेलं नाही. ऑडिट शीटवर नुसता कोड बदलून मिळाला की कोडर पुढच्या चार्टला तेच करतो, त्यात तुमचा दोष नाही. टीएलचं म्हणणंही अगदीच हवेतलं नाही, त्यावर पुढे येतो.

मूळ अडचण टेस्टची नाहीच. आयसीडी-१०-सीएमच्या (अमेरिकेतल्या निदानांच्या कोडच्या) गाइडलाइन्समध्ये सेक्शन १.ए.१९ उघडून बघा: कोड ठरतो तो प्रोव्हायडरच्या निदानाच्या विधानावरून. प्रोव्हायडर म्हणजे निदान करण्याचा अधिकार आणि जबाबदारी ज्याच्यावर आहे तो. डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट. ट्रायाजची नर्स किंवा लॅब टेक्निशियन नव्हे. इतरांच्या नोंदीवरून कोड देता येईल अशा मोजक्या गोष्टींची यादी सेक्शन १.बी.१४ मध्ये आहे: बीएमआय, प्रेशर अल्सरची स्टेज, स्ट्रोकचा स्कोअर वगैरे. त्या यादीत फ्लूची टेस्ट नाही. म्हणजे नर्सच्या नोंदीतलं ‘ए पॉझिटिव्ह’ हा तुमच्यासाठी पुरावा आहे, क्वेरी (डॉक्टरांना लेखी प्रश्न) टाकण्याइतका भक्कम पुरावा आहे, पण निदान नाही.

मग ही सवय लागते कुठून? माझ्या मते कोविडमधून. यू०७.१ हा कोड १ एप्रिल २०२० ला आला आणि त्याच्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलं गेलं की प्रोव्हायडरने नोंदवलेलं निदान किंवा पॉझिटिव्ह टेस्टची नोंद, दोन्हींपैकी एक असलं तरी चालेल. ही सवलत कोविडपुरती होती. पण २०२० नंतर ज्यांनी कोडिंग शिकलं त्यांचा हात त्याच रुळावर बसला, आणि एकाच स्वॅबमधून कोविड, फ्लू ए, फ्लू बी असे निकाल एकाखाली एक छापून यायला लागल्यावर तर वरच्या ओळीला जो नियम तोच खालच्या ओळीला लावला जातो. एकाच रिपोर्टवरच्या दोन ओळींना दोन वेगळे नियम आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या एरर तिथेच संपतात.

फ्लूचा स्वतःचा नियम सेक्शन १.सी.१०.सी मध्ये आहे. तो दोन बाजूंनी धार असलेला आहे, आणि बहुतेक लोक एकच बाजू वाचतात. पहिली बाजू: जे०९ (बर्ड फ्लूसारखे प्राण्यांकडून आलेले प्रकार) आणि जे१० फक्त कन्फर्म केसला. दुसरी बाजू: कन्फर्म म्हणजे पॉझिटिव्ह लॅब रिपोर्ट हवाच असं नाही, पेशंटला एच१एन१ आहे, एच३एन२ आहे, बर्ड फ्लू आहे, असं प्रोव्हायडरचं विधान पुरेसं. आणि त्याने ‘सस्पेक्टेड’, ‘पॉसिबल’, ‘प्रॉबेबल’ असं लिहिलं तर जे०९ही नाही, जे१०ही नाही, जे११ द्यायचा. हा नियम स्वतःला इनपेशंटच्या सेक्शन २.एच ला अपवाद म्हणवतो. एरवी इनपेशंटला डिस्चार्जच्या वेळी ‘प्रॉबेबल न्युमोनिया’ लिहिला तर आपण न्युमोनिया असल्यासारखाच कोड करतो. फ्लूच्या ओळखलेल्या प्रकारांना ती मोकळीक नाही. त्यामागचं कारण मला तरी असं दिसतं, की कुठला स्ट्रेन किती पसरलाय हे आकडे ह्याच कोडमधून निघतात, तेव्हा अंदाजाने लिहिलेलं त्यात मिसळू नये.

आता तुमचा चार्ट आणि तीन उत्तरं. इंडेक्समध्ये (आजाराच्या नावावरून कोड शोधायच्या सूचीत) ‘इन्फ्लुएन्झा-लाइक डिसीज’ शोधा, तो तुम्हाला ‘इन्फ्लुएन्झा’कडे पाठवतो, आणि प्रकार सांगितलेला नसेल तर तिथून जे११.१. ऑडिटरचा आधार हा. टीएलचा आधार सेक्शन ४.एच असणार: आउटपेशंटमध्ये ‘प्रॉबेबल’, ‘सस्पेक्टेड’, ‘रूल आउट’, ‘कन्सिस्टंट विथ’ वगैरे लिहिलेलं निदान कोड करायचं नाही, लक्षणं करायची. त्याने ‘-लाइक’ला अनिश्चित शब्द मानलं. माझं मत असं की इंडेक्समध्ये स्वतंत्र नोंद असताना ते ताणून धरू नये. पण काही क्लायंटच्या स्वतःच्या लेखी सूचना असतात की ‘इन्फ्लुएन्झा-लाइक इलनेस’ला लक्षणंच द्या. तुमच्या प्रोजेक्टला तशी लेखी सूचना असेल तर टीएल बरोबर ठरेल. तोंडी असेल तर ती सूचना नव्हे.

‘फ्लू-लाइक सिम्प्टम्स’ लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर लक्षणांबद्दल बोलतायत, आजाराचं नाव घेत नाहीयेत. तिथे आर५०.९ ताप, आर०५.१ तीव्र खोकला, एम७९.१० स्नायूदुखी, जे लिहिलंय ते. आणि उलट बाजूने, एकदा जे१०.१ किंवा जे११.१ दिला की ताप-खोकला पुन्हा वेगळा लावायचा नाही. ते त्या आजाराचाच भाग आहेत. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी महिन्याच्या शेवटी टार्गेट गाठताना आर५०.९ मागे लटकलेला दिसतोच.

आउटपेशंटमधली एक गाठ इथेच सोडवून घेऊ, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. इमर्जन्सीच्या डॉक्टरने ‘सस्पेक्टेड इन्फ्लुएन्झा’ लिहिलं तर जे११ का लक्षणं? फ्लूच्या नियमात सस्पेक्टेडला जे११ म्हटलंय, सेक्शन ४.एच म्हणतो अनिश्चित काहीच कोड करू नका. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: शंका कशाबद्दल आहे? फ्लू आहे की नाही ह्याबद्दलच शंका असेल, तर आउटपेशंटला लक्षणं. फ्लू आहे हे डॉक्टरांना पक्कं आहे, शंका फक्त प्रकाराबद्दल आहे (‘इन्फ्लुएन्झा, प्रॉबेबली टाइप ए’), तर दोन्हीकडे जे११.१. इनपेशंटला डिस्चार्ज समरीत ‘सस्पेक्टेड इन्फ्लुएन्झा ए’ असेल तर जे११ ला पर्यायच नाही.

तुमच्या चार्टमध्ये जे१०.१ कधी चाललं असतं, तेही सांगतो, कारण फक्त फायनल इम्प्रेशन वाचून कोड करणं ही दुसऱ्या टोकाची चूक. संपूर्ण नोट वाचायची. समजा एमडीएममध्ये (नोटमधल्या डॉक्टरांच्या विचाराच्या भागात) डॉक्टरांनी स्वतः लिहिलंय, ‘पेशंटला फ्लू ए आहे, लक्षणं सुरू होऊन ४८ तास झालेले नाहीत, म्हणून टॅमीफ्लू सुरू करतो’. हे प्रोव्हायडरचं विधान आहे, त्याखाली त्यांची सही आहे. जे१०.१ द्या, आणि कॉमेंटमध्ये ते वाक्य कुठे आहे ते लिहा. पण आता बारकाईने बघा. बऱ्याच सिस्टिममध्ये लॅबचा निकाल नोटमध्ये आपोआप ओढला जातो: चौकोनी टेबल, टेस्टचं नाव, निकाल, नॉर्मल रेंज, वेळ, आणि खाली ‘रिझल्ट्स रिव्ह्यूड बाय मी’ असं ठरलेलं वाक्य. ते टेबल डॉक्टरांच्या नोटमध्ये असलं तरी डॉक्टरांचं विधान नाही. निकाल बघितला, एवढंच त्यातून कळतं. बघून काय ठरवलं ते कळत नाही. वेळही बघा. कित्येकदा डॉक्टरांनी ‘इन्फ्लुएन्झा-लाइक इलनेस’ लिहून नोट सही केलेली असते सव्वादोनला आणि टेस्टचा निकाल आलेला असतो दोन वाजून चाळीस मिनिटांनी. त्यांनी निदान चुकवलं नाही, लिहिताना निकाल हातात नव्हता. अशा चार्टला क्वेरी टाकली तर डॉक्टर बहुधा चटकन अॅडेंडम (नोटला नंतरची भर) करतात.

आता टेस्ट निगेटिव्ह असेल तर? इथे नवे कोडर डॉक्टरांपेक्षा जास्त डॉक्टर होतात. रॅपिड अँटिजेन टेस्टची संवेदनशीलता साधारण ५० ते ७० टक्के धरली जाते. फ्लू असलेल्यांपैकी बरेच जण तिच्यातून निसटतात. सीझन जोरात असताना निगेटिव्ह रॅपिडवर भरवसा ठेवू नये, हे डॉक्टरांना माहीत असतं. म्हणून त्यांनी ‘इन्फ्लुएन्झा, क्लिनिकल डायग्नोसिस, रॅपिड निगेटिव्ह’ लिहिलं तर जे११.१ सरळ द्या, मनात शंका आणू नका. त्यांनी निगेटिव्ह टेस्ट असूनही ‘इन्फ्लुएन्झा ए’ असं ठाम लिहिलं तर नियमाने जे१०.१ होतो. पण इनपेशंट चार्ट असेल तर मी तो क्लिनिकल व्हॅलिडेशनसाठी सीडीआयकडे (डॉक्टरांच्या नोंदी तपासणाऱ्या टीमकडे) पाठवतो, कारण पेयर (बिल भरणारी विमा कंपनी) नंतर ‘ए कशावरून?’ विचारणार आणि तेव्हा उत्तर डॉक्टरांकडून आलेलं असायला हवं.

टॅमीफ्लूवरून निदान ठरवणं हा सगळ्यात फसवा भाग. औषध दिलंय म्हणजे फ्लू असणार, असं वाटणं साहजिक आहे. डोस वाचा. मोठ्या माणसाला उपचारासाठी ओसेल्टामिविर (म्हणजेच टॅमीफ्लू) ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. संपर्कात आलेल्याला प्रतिबंध म्हणून ७५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा. नवरा फ्लूने आजारी, बायकोला काहीही त्रास नाही, ती दिवसातून एक गोळी घेऊन घरी जाते: तिचा कोड झेड२०.८२८ (एक्सपोजर, म्हणजे संपर्क), फ्लू नव्हे. आता ह्यावर कोणी हुशारीने म्हणेल, दिवसातून एकदा दिसलं की एक्सपोजर. तेही नाही. किडनी कमजोर असलेल्या पेशंटला उपचाराचाच डोस कमी करून ३० मिलिग्रॅम दिवसातून एकदा देतात. तेव्हा डोस तुम्हाला प्रश्न सुचवतो, कोड देत नाही.

इथपर्यंतचं सूत्र असं: टेस्ट, औषध, एक्स-रे हे सगळे क्वेरीचे पुरावे; कोड प्रोव्हायडरच्या शब्दांवरून; आणि शंका असेल तर ती फ्लूबद्दल आहे की प्रकाराबद्दल ते आधी ठरवा.

जे०९ बद्दल मात्र जरा थांबून लिहितो, कारण आपल्या भागातल्या कोडरना तिथे हमखास गोंधळ होतो. ऑगस्ट २००९ मध्ये एच१एन१ने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. तेव्हापासून आपल्याकडे एच१एन१ म्हणजे स्वाइन फ्लू हे समीकरण पक्कं आहे. आजही पावसाळ्यात वर्तमानपत्रात तोच शब्द असतो. त्यामुळे चार्टमध्ये एच१एन१ दिसला की मन आपोआप ‘स्वाइन’कडे जातं आणि इंडेक्समध्ये ‘स्वाइन’ शोधलं की जे०९ येतो. चूक. २००९ चा तो विषाणू आता दर वर्षीच्या हंगामी फ्लूचाच एक भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने साथ संपल्याचं ऑगस्ट २०१० मध्येच जाहीर केलं. आयसीडी-१०-सीएमच्या गाइडलाइनमध्ये एच१एन१ आणि एच३एन२ ही दोन्ही नावं जे१० ची उदाहरणं म्हणून दिलेली आहेत. जे०९ मधला स्वाइन म्हणजे एरवी डुकरांमध्येच सापडणारे विषाणू.

इथे एक अक्षर फार महत्त्वाचं आहे. डुकरातला विषाणू माणसात सापडला की नावापुढे छोटा ‘व्ही’ लावतात: एच३एन२व्ही, एच१एन२व्ही. तो व्ही म्हणजे व्हेरिअंट. एच३एन२ जे१०, एच३एन२व्ही जे०९. अमेरिकेत गावोगावच्या जत्रांमध्ये, जिथे डुकरांची प्रदर्शनं भरतात, तिथून अशा केसेस येतात. उन्हाळ्यातल्या चार्टमध्ये पेशंट जत्रेत जाऊन आल्याचा उल्लेख असेल तर अक्षर दोनदा वाचा. आणि मार्च २०२४ पासून तिकडच्या दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ सापडतोय, गोठ्यात काम करणाऱ्यांनाही होतोय. त्यातल्या अनेकांना खोकला नाही, डोळेच लाल. प्रोव्हायडरने एच५एन१ पक्का लिहिला आणि फक्त कंजंक्टिव्हायटिस असेल तर जे०९.एक्स२ हा श्वसनाचा कोड नाही लागणार; जे०९.एक्स९ आणि सोबत कंजंक्टिव्हायटिसचा वेगळा कोड. ह्या टेस्टचं अंतिम उत्तर सरकारी प्रयोगशाळेतून येतं, बहुधा पेशंट घरी गेल्यावर. उत्तर आलं तरी प्रोव्हायडरने अॅडेंडम करेपर्यंत जे०९ नाही.

नुसतं ‘इन्फ्लुएन्झा ए’ लिहिलंय, पुढे काहीच नाही? जे१०. जे०९.एक्सच्या नावात ‘नॉव्हेल इन्फ्लुएन्झा ए’ वाचून जे०९ देणारे मी पाहिलेत.

इनपेशंटवाल्यांसाठी न्युमोनिया. डिस्चार्ज समरीत ‘इन्फ्लुएन्झा ए’ आणि ‘न्युमोनिया’ दोन्ही आहेत, पण ‘ड्यू टू’ कुठेच नाही, तर जोडायचं का? हो. इंडेक्समध्ये इन्फ्लुएन्झाखाली ‘विथ न्युमोनिया’ आहे, आणि गाइडलाइनमधल्या ‘विथ’च्या नियमाने संबंध गृहीत धरायचा, प्रोव्हायडरने संबंध नाही म्हटलं नसेल तर. प्रकार न लिहिलेला न्युमोनिया म्हणजे जे१०.००. ‘इन्फ्लुएन्झा ए न्युमोनिया’, म्हणजे त्याच विषाणूचा न्युमोनिया, तर जे१०.०१. फ्लूवर एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणारा जिवाणू) न्युमोनिया चढलाय, असं लिहिलं तर जे१०.०८ आणि जे१५.२१२, आणि क्रम तुमच्या मर्जीचा नाही: जे१५ खाली ‘आधी इन्फ्लुएन्झा कोड करा’ अशी सूचना आहे. जे१०.१ आणि जे१८.९ असे दोन तुकडे करून ठेवलेले चार्ट ऑडिटमध्ये सर्रास सापडतात. ते चुकीचे तर आहेतच, शिवाय डीआरजी (हॉस्पिटलला मिळणारी रक्कम ठरवणारा गट) बदलू शकतो. आणि न्युमोनिया फक्त रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टमध्ये ‘इनफिल्ट्रेट’ म्हणून असेल, अटेंडिंगने (पेशंटच्या मुख्य डॉक्टरांनी) कुठेच लिहिला नसेल, अँटिबायोटिक मात्र चालू असेल, तर परत तेच: क्वेरी. ‘विथ’चा नियम दोन निदानं जोडतो, नसलेलं निदान तयार करत नाही. सेप्सिस आला की क्रमाचं गणित बदलतं. तो विषय वेगळाच मोठा आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

बाकी छोटे सापळे पटापट. ‘स्टमक फ्लू’ हा फ्लू नाही, ए०८.४, जे१०.२ आणि जे११.२ खाली त्याला एक्सक्लूड्स १ (हे दोन कोड एकत्र देऊ नका अशी सूचना) आहे. हिमोफिलस इन्फ्लुएन्झे हा जिवाणू आहे, त्याचा न्युमोनिया जे१४. (एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फायफरने त्यालाच फ्लूचं कारण मानलं आणि नाव चिकटलं, माणसातला फ्लूचा खरा विषाणू १९३३ मध्ये सापडला. एका शतकापूर्वीच्या त्या समजुतीची किंमत आज कोडर एररमध्ये मोजतात.) कोविड आणि फ्लू दोन्ही प्रोव्हायडरने लिहिले असतील तर दोन्ही कोड. लस घेतली तर झेड२३. प्रॉब्लेम लिस्टमध्ये ‘इन्फ्लुएन्झा ए’ गेल्या हिवाळ्यापासून पडून असेल तर आजच्या भेटीला तो लावू नका. टेस्टचं बिल करणाऱ्यांना एवढंच, की ८७८०४ (रॅपिड फ्लू टेस्टचा बिलिंग कोड) ए आणि बी साठी दोनदा लावताना दुसऱ्याला मॉडिफायर (कोडमागची खूण) ५९ लागतो का, आणि क्यूडब्ल्यू हा मॉडिफायर कुठे, हे पेयरप्रमाणे बदलतं. इथे एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका.

आता क्वेरी. ‘डॉक्टर, टेस्ट पॉझिटिव्ह आहे, कृपया इन्फ्लुएन्झा ए लिहा’, ही क्वेरी नाही, शुद्ध लीडिंग आहे. अहिमा आणि ॲकडिस ह्या अमेरिकेतल्या मेडिकल रेकॉर्डवाल्यांच्या संघटनांच्या क्वेरीबद्दलच्या मार्गदर्शनात हे अगदी स्वच्छ आहे: उत्तर सुचवायचं नाही, पैशाचा उल्लेख करायचा नाही, चार्टमधले पुरावे द्यायचे आणि वैद्यकीयदृष्ट्या पटतील असे पर्याय द्यायचे. तुमच्या चार्टसाठी मी साधारण अशी लिहीन (प्रत्यक्षात इंग्रजीतच जाईल, मजकूर असा):

‘फायनल इम्प्रेशनमध्ये इन्फ्लुएन्झा-लाइक इलनेस अशी नोंद आहे. नर्सिंग नोंदीत रॅपिड इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह, बी निगेटिव्ह. ताप, अंगदुखी, कोरडा खोकला दोन दिवस. ओसेल्टामिविर ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू. ह्या भेटीतलं निदान अधिक स्पष्ट करता येईल का? इन्फ्लुएन्झा ए; इन्फ्लुएन्झा, प्रकार निश्चित नाही; इन्फ्लुएन्झा नसलेला व्हायरल आजार; इतर (कृपया लिहा); सांगता येत नाही.’

शेवटचे दोन पर्याय शोभेसाठी नाहीत, ते काढले की क्वेरी परत लीडिंग होते. आणि क्वेरीचं शीर्षक ‘इन्फ्लुएन्झा ए क्लॅरिफिकेशन’ ठेवू नका. उत्तर शीर्षकातच दिल्यासारखं होतं. सगळ्या प्रोजेक्टमध्ये इमर्जन्सी चार्टला क्वेरीची सोय नसते, हे खरं. नसेल तर जे लिहिलंय त्यावर कोड करा, म्हणजे इथे जे११.१, आणि असे चार्ट वारंवार येत असतील तर नमुने काढून क्लायंटच्या प्रोव्हायडर एज्युकेशनकडे पाठवा. निकाल नोट बंद झाल्यावर येतोय, हे त्यांच्या लक्षात आणून देणं हे एकेका क्वेरीपेक्षा जास्त कामाचं ठरतं.

हे वाचणाऱ्यांपैकी काहीजण आपल्याकडच्या हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात असतील. वरचं सगळं जसंच्या तसं उचलू नका. आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१० वापरतात, अमेरिकेची सीएम नव्हे. तिथे जे१०.०, जे१०.१, जे१०.८ एवढेच तुकडे आहेत, जे१०.०१ किंवा जे१०.८२ असं काही नाही. जे०९ चं नावही तिथे वेगळं आहे, त्यात प्राण्यांपासून आलेले आणि पँडेमिक असे दोन्ही प्रकार येतात. शिवाय आपल्या सरकारी सूचनांप्रमाणे एच१एन१च्या पेशंटची ए, बी, सी अशी वर्गवारी होते, आणि टेस्टचा आग्रह मुख्यतः भरती करावं लागणाऱ्या सी वर्गासाठी आहे. म्हणजे ओपीडीतला बहुतेक फ्लू कायमच जे११ राहणार, आणि त्यात डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही.

तर तुमच्या एररचं काय. रिबटल नको, त्याऐवजी ऑडिटरला मेल करा: जे११.१ मान्य, पण आधार म्हणून इंडेक्सची नोंद आणि सेक्शन शीटवर लिहावा. आणि ‘इन्फ्लुएन्झा-लाइक इलनेस’ला लक्षणं द्यायची अशी क्लायंटची लेखी सूचना आहे का, ते क्लायंटकडून विचारून घ्यावं. टीएलला सीसीत ठेवा, कारण सूचना नसेल तर त्यालाही ते कळायला हवं. उत्तर येईपर्यंत अशाच नोंदीचे चार्ट होल्डवर टाका आणि होल्डचं कारण म्हणून त्या मेलची तारीख लिहा.